बिनतारी नौकेची बारी

ही हकिगत अठ्ठावन्न सालची. तिचे बाकीचे साक्षीदार एकेक करून निघून गेले असल्यामुळे आता ती संपूर्ण खरी आहे.

मला रविवार सोसत नसे. सहा दिवस कारखान्याच्या स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजणाऱ्या माणसानं सातव्या दिवशी काय करावं, हे कुठल्याच शास्त्रात लिहिलेलं नाही. मी दाराच्या बिजागऱ्यांना तेल घालायचो, खाट पूर्वेची पश्चिमेला करायचो, पश्चिमेची पुन्हा पूर्वेला. घड्याळ उघडून आत सगळं ठीक आहे ना बघायचो. ठीक असायचं, पण बंद करताना एखादं चाक बाहेर राहायचं. शेवटी आमच्या हिनं, म्हणजे इंदूनं, घड्याळ ट्रंकेत टाकून कुलूप लावलं आणि म्हणाली, "अहो, जरा बाहेर फिरून या. लांब."

म्हणून मी चिंचवडच्या आमच्या आळीतून निघून पवनेच्या बंधाऱ्यावर गेलो. सगळ्या अनर्थाचं मूळ त्या एका वाक्यात आहे, पण हे तिला मी कधी सुनावलं नाही. संसार म्हटला की काही सत्यं गिळावी लागतात.

बंधाऱ्यावर आमच्या कारखान्यातले साहेब घडीच्या खुर्चीवर बसले होते. यंत्रं बसवून द्यायला परदेशातून आलेले. मांडीवर एक पेटी, पेटीला काठीसारखी तार, आणि समोर पाण्यावर हातभर लांबीची पांढऱ्या शिडाची नौका. साहेब पेटीचं बटण दाबत, आणि पन्नास हातांवरची नौका शहाण्या सुनेसारखी मान वळवी. ना दोरी, ना माणूस. मी तासभर उभा राहिलो. आयुष्यात प्रथमच मी तासभर एका जागी उभा होतो.

इथवर सगळं ठीक होतं. सोमवारी कॅन्टीनमध्ये मात्र माझी जीभ घसरली. मी म्हणालो, त्यात काय मोठंसं आहे, शिडात वारा आणि पोटात रेडिओ. रेडिओ तर आमच्या घरीही आहे. मनात आणलं तर महिन्याभरात अशी नौका करीन की साहेबाची मागे पडेल. हे कोणा हितचिंतकानं जेवणाची सुट्टी संपायच्या आत साहेबांपर्यंत पोचवलं. त्या भल्या साहेबाला दोन वर्षांत शर्यतीला कोणी मिळालं नव्हतं. तो धावत स्टोअरमध्ये आला, माझा हात धरून पंपासारखा हलवला आणि सहा आठवड्यांनंतरचा रविवार, दुपारी चार, असं ठरवूनही टाकलं. सबंध स्टोअर बघत होतं. नऊ वर्षांच्या नोकरीत माझा हात साहेबानं धरल्याची ही पहिली वेळ. आता मी बार्शीचा माणूस, घागरीपेक्षा मोठ्या आकाराचं पाणी मी नोकरीला लागल्यावर पाहिलं, हे त्याला कुठल्या तोंडानं सांगू?

आता रेडिओबद्दल. तो आमच्या सासऱ्यांनी, यशवंतरावांनी, इंदूला पहिल्या दिवाळसणाला दिलेला. आमच्या आळीत वीज नव्हती, म्हणून बॅटरीवरचा. आकार लहान ट्रंकेएवढा, वर इंदूनं विणलेलं झाकण. यशवंतराव कऱ्हाडचे निवृत्त हेडमास्तर. आणि दैवाची करणी पाहा, त्याच आठवड्यात त्यांचं कार्ड आलं. पुणे केंद्रानं त्यांचं भाषण ध्वनिमुद्रित करून घेतलं होतं. विषय ‘चित्ताची स्थिरता’, वेळ दहा मिनिटं. लागणार होतं त्याच रविवारी, संध्याकाळी साडेपाचला. ते ऐकायला ते मुद्दाम आमच्याकडे येणार होते. खाली वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘मी स्वतःस आजवर कधी ऐकलेले नाही.’

मी इंदूला हिशेब समजावून सांगितला. चारला शर्यत, दहा मिनिटांत आटपणार, पाचला रेडिओ फळीवर. ती बराच वेळ भाकरी थापत राहिली. मग म्हणाली, "न्या. पण पाच वाजता तो होता तसा फळीवर पाहिजे. एक स्क्रू जरी कमी भरला, तर मी बाबांबरोबर कऱ्हाडला जाईन. परत कधी यायचं ते मग बाबा ठरवतील."

बाबांचा एखादी गोष्ट ठरवण्याचा वेग मला ठाऊक होता. आमचं लग्न ठरवायला त्यांना तीन वर्षं लागली होती.

बिनतारी कामासाठी मी देहूरोडच्या लक्ष्मणरावांना गाठलं. ते फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, वायरलेसमधले, आणि बोलताना मधूनच हिंदीत शिरणारे. पिंपरी कॅम्पातल्या जुन्या सामानाच्या दुकानांतून त्यांनी पोतंभर भंगार आणलं आणि त्यातून बटणाची पेटी तयार केली. नौकेत बसवायला रेडिओच्या पोटातले तीन दिवे, म्हणजे व्हॉल्व्ह, पुरे, बाकी खोकं फेकून द्या, असं त्यांचं मत. मी स्क्रूंची अट सांगितली. ते म्हणाले, "तो फिर साहब, अख्खा रेडिओच बोटीत ठेवा. मी मागून फक्त एक तार जोडतो. शर्यत झाली की तार काढली, रेडिओ घरी."

ऐकायला हे सोपं होतं. पण हातभर नौकेत ट्रंकेएवढा रेडिओ बसत नाही. म्हणून नौका दीड हाताची ठरली. रेडिओ बसला तर त्याची बॅटरी बाहेर राहिली, म्हणून अडीच हात. बॅटरी डावीकडे ठेवली की नौका डावीकडे झुके, म्हणून उजवीकडे वजन, आणि वजनाला जागा म्हणून साडेतीन हात. ज्योतीराम सुतारानं उभ्या आयुष्यात बैलगाड्या, नांगर आणि खाटा यांपलीकडे काही केलं नव्हतं. त्यानं नौकाही त्याच सचोटीनं केली. ती बाभळीची होती. चार माणसं लागल्याशिवाय उचलत नसे. साहेबांच्या नौकेला खाली शिशाचं वजन आहे, असं मी सांगितल्यावर त्यानं क्षणभर विचार केला आणि बुडाला नांगराचा फाळ ठोकला. म्हणाला, पाणी काय अन् रान काय, सरळ चालायचं तर फाळ पाहिजेच.

सुकाणूची तऱ्हा तर वेगळीच होती. पिळलेल्या रबराच्या जोरावर ते चाले. बटण एकदा दाबलं की नौका उजवीकडे, दुसऱ्यांदा सरळ, तिसऱ्यांदा डावीकडे, चौथ्यांदा पुन्हा सरळ. म्हणजे डावीकडे वळायचं असेल तर आधी उजवीकडे वळावं लागे. आणि आपण कितव्यांदा दाबलं हे डोक्यात धरावं लागे. मी स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजता मोजता याचा सराव करू लागलो, त्यामुळे त्या महिन्यात कारखान्याचा दर दुसरा बोल्ट सरळ आणि बाकीचे डावे-उजवे असे नोंदले गेले.

मग पोस्टमास्तर आडवे आले. त्या काळी रेडिओला पोस्टाचा परवाना लागे, तो आमच्याकडे होता. परंतु त्यावर घर नंबर घातलेला होता. पोस्टमास्तरांचं म्हणणं असं की, रेडिओ घर सोडून गेला तर परवाना घरीच राहतो. तेव्हा नवा पत्ता द्या. मी म्हटलं, बंधाऱ्याच्या पाण्यावर. त्यांनी विचारलं, पाण्यावर कुठे? मी म्हटलं, ते वाऱ्यावर अवलंबून आहे. त्यांनी चष्मा काढून पुसला. पत्ता वाऱ्यावर अवलंबून असलेला अर्जदार त्यांनी पूर्वी पाहिला नव्हता. शेवटी ‘पवना नदी, मुक्काम फिरता’ असा अर्ज पुण्याला गेला. पुण्याहून तो मुंबईला गेला, आणि मुंबईहून आठ महिन्यांनी विचारणा आली की, सदर नदी अर्जदाराच्या मालकीची आहे की भाड्याची. बटणाच्या पेटीचा विषय मी काढलाच नाही. तिचा परवाना दिल्लीहून मिळतो म्हणे, आणि दिल्लीला पवनेपर्यंत आणण्याची माझी छाती नव्हती.

या सगळ्यात आमचे घरमालक सोपानराव गप्प होते. मला वाटलं, त्यांना रस नाही. सोपानराव गावातले जुने बागायतदार, चाकणपासून तळेगावपर्यंत त्यांचे बैल नावाजलेले. शर्यतीच्या आधी आठ दिवस ते ओसरीवर येऊन बसले आणि म्हणाले, "उद्धवराव, पानी गावाचं हाय. गावाच्या पान्यात शर्यत व्हायची, तर गावाच्या रीतीनंच व्हनार. दोन गाडे येकदम सोडायचे न्हाईत. बारी लावायची."

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्या मावळपट्ट्यात शर्यतीत बैलगाडे एकत्र पळवत नाहीत. एकेक गाडा घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, एकेकटा सुटतो, घड्याळ लावून वेळ मोजतात, त्याला बारी म्हणतात. चिठ्ठ्या टाकून नंबर निघतात, फेटा हलवून निशाण होतं, भंडारा उधळतात, आणि मुख्य म्हणजे आधी सत्कार होतात. नौकांच्या शर्यतीत हे चालेल का, असं मी भीत भीत साहेबांना विचारलं. साहेब आनंदानं उडालेच. म्हणाले, हेच बरोबर. दोन पेट्या एकदम चालू केल्या, तर तुझं बटण दाबल्यावर माझी नौका वळायची. म्हणून आमच्याकडेही सुज्ञ लोक एकेकच सोडतात. तुमच्या खेड्यातल्या लोकांना बिनतारी यंत्राचं एवढं ज्ञान कुठून?

मी हे सोपानरावांना सांगितलं. ते म्हणाले, व्हय. आणि तेव्हापासून ते पंच झाले.

रविवार उजाडला. यशवंतराव सकाळच्याच गाडीनं आले. फळीवरच्या मोकळ्या चौकोनाकडे त्यांनी पाहिलं. इंदू म्हणाली, दुरुस्तीला दिलाय, पाचला येतोय. हे ती त्यांच्याकडे नव्हे, माझ्याकडे बघून म्हणाली.

चारला बंधाऱ्यावर दीड हजार माणूस होतं. आसपासच्या पाच गावांत अशी आवई उठली होती की, सोपानरावांचा गाडा आता पाण्यावरून पळणार आणि बैल दिसणार नाहीत. शेंगदाणेवाले आले होते, ताशा आला होता. आणि सत्कार सुरू झाले. चार वाजून दहा मिनिटांनी पहिला नारळ फुटला. साहेबांना फेटा बांधायला घेतला तेव्हा साडेचार झाले होते, आणि त्यांचं डोकं आमच्याकडच्या डोक्यांपेक्षा निमुळतं असल्यामुळे तो तीनदा उलगडला. मी या पायावरून त्या पायावर नाचत होतो. मी सोपानरावांच्या कानात म्हणालो, आटपतं घ्या, मला पाचला घरी जायचंय. त्यांनी भाषणात लगेच माझं नाव घेतलं आणि माझाही सत्कार केला. त्यात आणखी अकरा मिनिटं गेली.

पाच वाजून पाच मिनिटांनी चिठ्ठ्या निघाल्या. पहिली बारी माझी.

चौघांनी नौका पाण्यात सोडली. भंडारा उधळला गेला, त्यातला अर्धा रेडिओच्या जाळीवर. सोपानरावांनी फेटा हलवला, मांजरपाटाचं शीड फुगलं, आणि मी खोटं सांगत नाही, ती निघाली. बाभळीचं ते धूड असं काही डौलानं निघालं की दीड हजार माणसं एकदम गप्प झाली आणि मग एकदम ओरडू लागली. माझ्या छातीत काहीतरी उघडलं. मला वाटलं, माझा जन्म नटबोल्ट मोजायला झालेला नाही.

साठ-सत्तर हातांवर तिला डावीकडे घ्यायचं होतं. मी बटण दाबलं. एक. गावकऱ्यांना लक्ष्मणरावांनी बटणाची गोम आधीच सांगून ठेवली होती, त्यामुळे त्यांनीही मोठ्यानं मोजायला सुरुवात केली. पण बारीक दाब मोजायचा की नाही यावर मतभेद झाले. उजव्या काठाचे तीनवर असताना डाव्या काठाचे पाचवर होते, आणि ताशेवाला स्वतंत्र मोजत होता. मी कितीवर होतो ते मला आजही ठाऊक नाही. मी दाबत गेलो. सुकाणू उजवीकडे गेलं आणि तिथेच अडकलं. नौका झपकन वळली, काठाजवळच्या उथळ गाळात शिरली, आणि ज्योतीरामचा फाळ जन्मजात सवयीनं जमिनीत रुतला.

वारा ढकलतोय, फाळ सोडत नाही, सुकाणू उजवीकडे. नौका घाण्याच्या बैलासारखी जागच्या जागी गोल फिरू लागली.

सोपानरावांनी घड्याळ चालूच ठेवलं होतं. गाडा उभा राहिला तरी बारी मोडत नाही, असं त्यांचं मत. मी लक्ष्मणरावांकडे बघितलं. ते पेटी उघडून आत फुंकर मारत होते. आणि तेवढ्यात गर्दी दुभंगली आणि काळा कोट, टोपी, हातात छत्री अशी यशवंतरावांची मूर्ती पुढे आली. मागे इंदू. पाच वाजून अठ्ठावीस मिनिटं झाली होती.

"जावईबापू," ते म्हणाले, "रेडिओ दुरुस्त झाला का?"

मी पाण्याकडे बोट दाखवलं. इंदूनं कपाळावर हात मारला नाही, डोळ्यांत पाणी आणलं नाही. तिनं फक्त पदर खोचला, जसा प्रवासाला निघताना खोचतात तसा.

फाळ रुतला त्या धक्क्यानं रेडिओचा काटा सरकला असावा. आधी खरखर झाली. मग पवनेच्या पाण्यात कोणीतरी खाकरलं, आणि स्वच्छ आवाज आला, "श्रोतेहो, चित्ताची स्थिरता हा आजचा विषय."

ताशा थांबला. शेंगा फोडण्याचा आवाज थांबला. नौका फिरत होती, त्यामुळे रेडिओचं तोंड काठाकडे आलं की आवाज मोठा होई आणि पाठ फिरली की मंद. अर्धी वाक्यं आमच्या वाट्याला येत होती, अर्धी पलीकडच्या काठाच्या. "चंचल मनुष्य हा..." असं आम्ही ऐकलं, चंचल मनुष्य काय असतो ते पलीकडच्यांनी ऐकलं. मला अंदाज होता.

यशवंतराव हलले नाहीत. छत्री हातातच, तोंड किंचित उघडं. "हा मीच," ते हळूच म्हणाले. मग इंदूकडे वळून, "माझा आवाज असा आहे?"

"असाच आहे, बाबा," इंदू म्हणाली.

आता नौकेत पाणी शिरू लागलं होतं. फिरून फिरून फळ्यांचे सांधे सुटत होते. सोपानरावांचा गडी दत्तोबा धोतर खोचून पाण्यात उतरू लागला. कमरेएवढंच पाणी, चार पावलांत त्यानं रेडिओ डोक्यावर घेऊन आणला असता. माझा संसार त्या चार पावलांवर होता. मी त्याला पाठीवर थाप मारून ढकलणार, इतक्यात यशवंतरावांनी छत्री आडवी धरली. हेडमास्तरांच्या आवाजात म्हणाले, "पाण्यात कोणीही उतरायचं नाही. खळखळाट होतो. ऐकू येत नाही."

दत्तोबा एक पाय पाण्यात ठेवून तसाच उभा राहिला. दीड हजार माणसांत उतरण्याची कोणाची टाप नव्हती. आणि आम्ही सगळे, फेटा सांभाळणाऱ्या साहेबासकट, एक रेडिओ बुडताना शांतपणे ऐकत राहिलो. सहाव्या मिनिटाला पाणी जाळीला लागलं. आवाजात गुळण्या आल्या. सातव्या मिनिटाला "म्हणून मन हे" असे शब्द आले, मागून मोठे मोठे बुडबुडे आले, आणि शिडाचा शेंडा तेवढा वर राहिला.

मन हे काय, ते कोणालाच कळलं नव्हतं. मागून एक म्हातारा म्हणाला, "म्होरं काय?"

यशवंतरावांनी छत्री इंदूच्या हातात दिली. सोपानरावांची बैलगाडी काठाला सोडलेली होती, तिच्यावर ते चढले, टोपी नीट केली आणि म्हणाले, "म्हणून मन हे." उरलेली तीन मिनिटं ते एक तास चाळीस मिनिटं बोलले. शेंगदाणेवाला घरी गेला नाही. सोपानराव पहिल्या रांगेत मांडी घालून बसले. साहेबांना मराठी येत नव्हतं, तरी ते मान डोलवत होते. त्यांची नौका काठावर शीड पाडून पडली होती, आणि वाराही भाषण ऐकत बसल्यासारखा पडला होता. दिवस मावळला, दुसरी बारी झालीच नाही, आणि पंचांनी घड्याळ बंद करून शर्यत स्थिर घोषित केली.

गाडीवरून उतरताना मी सासऱ्यांना हात दिला. म्हटलं, चूक झाली. तुम्ही दिलेला रेडिओ गेला. ते घामानं डबडबले होते आणि वीस वर्षांनी लहान दिसत होते.

"जाऊ द्या, जावईबापू," ते म्हणाले. "त्या खोक्यात मला दहाच मिनिटं दिली होती."

दुसऱ्या दिवशी ते कऱ्हाडला गेले. एकटेच. इंदूनं पदर सोडला होता, पण माफी दिली नव्हती; रेडिओ बाबांनी दिलेला असला तरी रोज ऐकत होती ती, हे त्या दोन दिवसांत कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी कामावरून आलो, तर रिकाम्या फळीखाली स्टूल मांडलेलं. ती समोर तांदूळ निवडायला बसली आणि म्हणाली, "बसा. बोला."

"काय बोलू?"

"रेडिओ मला विचारायचा का?"

मी बसलो. माझ्यासारख्या माणसाला रोज तास-दीड तास एका जागी बसणं म्हणजे काय, ते ज्याचं त्याला माहीत. पण बोलू लागलो. स्टोअरचं सांगितलं, बार्शीचं सांगितलं, लहानपणी कोरड्या विहिरीत पडलेल्या काकांचं सांगितलं. ती मान वर न करता ऐकायची, आणि एखाद्या दिवशी तांदूळ निवडून झाले तरी उठायची नाही.

खऱ्या गोष्टी साधारण गुरुवारपर्यंत पुरल्या.